कुमाच्या हातची सुई

मंगळवार, ९ जानेवारी

डॉक्टरीणबाई लस घ्या म्हणाल्या. सरळ, हवापाण्याचं बोलावं तशा. ‘सातवा लागला ना? मग हीच वेळ. डांग्या खोकला परत फिरतोय सगळीकडे. तुम्ही आत्ता टोचून घेतलंत की तुमच्या रक्तातून बाळाला मिळेल. जन्मल्यावर पहिले दोन महिने त्याला स्वतःची लस देता येत नाही. तोवर तुमचीच पुंजी.’

मी बरं म्हणून बाहेर आले. प्लामेन गाडीत बसला होता, हीटर लावून. त्याला सांगितलं. तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘आईला इतक्यात बोलू नकोस.’

झालं. नवऱ्याचं मत कळलं. प्लेवेन शहरापासून गावातल्या घरापर्यंत तो रेडिओची बटणं फिरवत राहिला.

शुक्रवार, १२ जानेवारी

कामावर, सलूनमध्ये तोंड उघडलं ही माझीच चूक. केस रंगवायला बसलेल्या बाईला डोकं हलवता येत नाही, म्हणून ती जिभेने भरून काढते.

‘पोटुशी बाईला सुई? अगं कुठं वाचलंस हे?’ — ‘माझ्या वहिनीने करोनाची घेतली आणि तिची पाळीच गेली.’ — ‘अहो, ती बावन्न वर्षांची होती ना?’ — ‘असेना. त्याच महिन्यात गेली की नाही?’

माझ्या हाताखालची मिलेना कोपऱ्यात टॉवेल घड्या घालत सगळं ऐकत होती. तिला दिवस राहिलेत, अजून कोणाला सांगितलं नाहीये. मला कळलंय, कारण रंगाच्या वासाने ती दोनदा मागच्या दारी पळाली.

आमच्या गावाला लशीचं बोलायला तोंड आहे, दंड नाही. करोनाच्या वेळी अर्ध्या गावाची लस मोरीत गेली. दवाखान्यात जायचं, बाही वर करायची, औषध मोरीत ओतायचं, नाव मात्र संगणकात चढवायचं. बाहेर कामाला जायला कागद हवा होता, सुई नको होती. प्लामेनही असाच ‘टोचलेला’ जर्मनीला जाऊन आला. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, दवाखान्यातल्यांनी माणुसकी केली असंच म्हणायचे. मी तेवढी खरी घेतली होती, आणि दोन दिवस दंड धरून बसले होते. त्यावरून अजून चिडवतात.

रविवार, १४ जानेवारी

‘आईला बोलू नकोस’ म्हणणाऱ्यानेच सांगितलं. प्लामेनच्या तोंडात तीळ भिजत नाही. घेवड्याचं सूप वाढून होतंय तोवर सासूबाईंनी पळी आपटली.

‘मी तीन पोरं काढली. एक सुई टोचून घेतली नाही.’

मी म्हटलं, ‘त्यातलं एक गेलं ना, आई?’

म्हणायला नको होतं. प्लामेनने चमचा खाली ठेवला. सासूबाई पाव मोडत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘ते छातीच्या दुखण्याने गेलं. पण शेजारच्या दोन्काला सहाव्या महिन्यात सुई दिली होती. आठवड्यात पोर मेलेलं जन्मलं. मुलगी होती. तिला धुतलं कोणी? या हातांनी.’ हात माझ्यासमोर धरले. ‘तुला डॉक्टरीण सांगते. मला हे हात सांगतात.’

डॉक्टरीणबाईंचं सगळं मला पाठ होतं, पण मी त्या हातांकडेच बघत बसले. सूप गार झालं. तसंच प्यायले.

बुधवार, १७ जानेवारी

शेवटी कुमाकडे रडायला गेले. दुसरं कोण आहे मला?

कुमा नेवेना. लग्नात आमच्या डोक्यांवर मुकुट धरला, आता होणाऱ्या बाळालाही तीच बाप्तिस्म्याला हातात धरणार. आमच्यात कुमाचा मान आईबापांच्या वर. माझी आई गेल्यावर तर मला तीच आई. आमच्या गावच्या डॉक्टरांकडे तीस-एक वर्षं नर्स आहे. गावातली निम्मी पोरं तिच्या हातून टोचून घेत मोठी झालीत.

सगळं ऐकून घेतलं. चहात मध घातला. मला वाटलं, आता हीसुद्धा समजावणार. पण नाही. ‘ठरवलंस?’

‘ठरवलं.’

‘सासूने जीव दिला तरी घेणार?’

‘घेणार. इथे नाही तर प्लेवेनला जाऊन घेईन.’

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, ‘प्लेवेनला नको जाऊस. या बर्फात घसरून पडशील. मीच टोचते. माझ्या हाताने.’

मी तिचा हात धरून त्याला ओठ लावले, लग्नात लावले होते तसे. या अख्ख्या गावात एक माणूस माझ्या बाजूचं निघालं. परत येताना रस्ताभर रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

सोमवार, २२ जानेवारी

घेतली!

डॉक्टर नव्हते, कुमा एकटीच होती. ‘इकडे बघू नकोस, तुला चक्कर येते,’ म्हणून पाठ करून सुई भरली. भिंतीवर दुधाच्या बाटल्यांचं एक जुनं चित्र आहे, ते बघत बसले. झालंसुद्धा. मुंगी चावल्याइतकंही नाही.

घरी आले. आज छप्पर उडणार, या तयारीने आत पाऊल टाकलं. तर सासूबाई ओट्याशी. बनित्सा भट्टीत, चीजचा वास घरभर.

‘घेतलीस?’

‘घेतली.’

‘बरं. बस. गरम आहे तोवर खा.’

एवढंच! मी दोन मोठे तुकडे खाल्ले. त्या माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही. मला माझीच लाज वाटली. मेलेल्या पोरावरून बोलले होते मी त्यांना, आणि त्या मला बनित्सा वाढतायत.

मंगळवार, २३ जानेवारी

दंड दुखत नाही. या वेळी नशीब बरं दिसतंय.

गुरुवार, २८ मार्च

मुलगी. डोकंभर काळे केस. सियाना. सासूबाईंच्या नावातलं पहिलं अक्षर राखलं, तर त्या खुर्चीत बसून पोरीसारख्या हुंदके देऊन रडल्या. लिहायला बोटांत त्राण नाही.

शनिवार, २० एप्रिल

सासूबाईंना खोकला. ‘झाडांना फुलोरा आलाय, त्याचं आहे. मला दर वर्षी होतं.’ दर वर्षी होतं हे मी पहिल्यांदा ऐकलं.

बाळंतिणीच्या घरात चाळीस दिवस बाहेरचं कोणी नको म्हणून दारावर पहारा ठेवलाय त्यांनी. माझ्या मैत्रिणींना अंगणातून परत पाठवतात. आणि घरातलंच माणूस खोकतंय त्याचं काय? तोंडाला फडकं बांधा म्हटलं तर डोळे भरून आले. ‘मी रोगी आहे का?’

जाऊ दे म्हटलं. आधीच त्यांना कमी बोलले नाहीये मी. शिवाय मी निर्धास्त आहे. माझ्यातलं सियानाच्या अंगात गेलंय, तेवढ्यासाठीच तर सगळ्यांशी भांडले. दुपारी त्यांच्या मांडीवर पोर ठेवली आणि आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोपले.

शनिवार, २७ एप्रिल

सियानाचं नाक गळतंय. शिंकली की सगळे हसतात. मीही हसले.

मंगळवार, ३० एप्रिल

खोकते. एकदा सुरू झाली की थांबत नाही, चेहरा लाल, मग जांभळा, मग एक लांब श्वास आत ओढते. तो श्वास येईपर्यंत माझा अडकतो.

कुमाला बोलावलं. ती आली, पोरीचं अंगडं वर केलं, एक उबळ बघितली, आणि मागे सरकून पलंगाचा कठडा धरला. इतकी वर्षं नर्स असलेली बाई! पांढरीफटक.

‘प्लेवेनला ने.’

‘अगं, पण लस घेतलीय ना मी.’

‘तरी ने, रुमी. आज ने. आत्ता.’

बुधवार, १ मे

इस्पितळात. डांग्या खोकलाच आहे.

दूध पिता पिता ती माझ्या हातात निळी पडली. ओठ, मग नखं. मी ओरडले की नाही आठवत नाही. नर्सने हिसकावून घेतली माझ्याकडून. आता काचेपलीकडे आहे, नाकात नळी. मी काचेला कपाळ लावून उभी असते. कोणी खुर्ची देतं, मी बसते, परत उभी राहते.

गुरुवार, २ मे

इथल्या डॉक्टर काराइवानोव्हा. उंच, थकलेल्या, पायांत लाकडी सपाता. पहिला प्रश्न: ‘गरोदरपणात लस घेतली होती?’

‘घेतली. जानेवारीत.’

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आल्यापासून कोणी मला शिवलं ते पहिल्यांदाच. ‘शाबास. मग तिची निम्मी लढाई तुम्ही आधीच लढला आहात. आईने लस घेतलेली मुलं सहसा यातून निघतात. दोन-तीन दिवस वाईट जातील, मग उतरणीला लागेल बघा.’

निम्मी लढाई. दिवसभर तेच घोकत होते. घरी आज अंडी रंगवत असतील. रंगवू देत.

शुक्रवार, ३ मे

सासूबाई आल्या. बरणीत गाढविणीचं दूध. तीन गावं फिरून आणलं म्हणे. नर्सने आत नेऊ दिलं नाही तर दारातच बसल्या. खोकतायत अजून. त्यांना तपासलं, त्यांनाही तेच निघालं. फुलोरा!

मी म्हटलं, ‘तुमच्याकडून लागला तिला.’

त्या म्हणाल्या, ‘तू तर लस घेतली होतीस. मग लागला कसा?’

आणि एकदम ओठ दाबून घेतले, नजर फिरवली. मला आणखीच राग आला. बरणी उचलून मोरीत ओतली त्यांच्यासमोर. त्या बघत राहिल्या. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रविवार, ५ मे

ईस्टर. कॉरिडॉरमध्ये कोणीतरी प्रत्येकाच्या हातात लाल अंडं ठेवत गेलं. प्लामेनने माझ्या अंड्यावर स्वतःचं आपटून बघितलं, वर्षाचं नशीब बघतात तसं. दोन्ही फुटली. तो हसायला गेला आणि तोंड झाकून जिन्याकडे पळाला.

उतार नाही.

सोमवार, ६ मे

यंत्रावर घातली. आता श्वास यंत्र घेतंय, ती नुसती पडून आहे. काळे केस एका बाजूने भादरलेत, सुईला शीर मिळेना म्हणून. ते केस मी मागून घेतले. कशाला, माहीत नाही.

काराइवानोव्हाबाई कागदावरचे आकडे पुन्हा पुन्हा बघतात. ‘पांढऱ्या पेशी वाढतच चालल्यात. लस घेतलेल्या आईच्या मुलीत मला हे अपेक्षित नव्हतं.’ मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, ‘पण ती पुंजी आहे अंगात. मी त्याच भरवशावर आहे.’

आता त्यांच्या बोलण्यातला ‘पण’ मोठा होत चाललाय.

प्लामेन म्हणाला, बाप्तिस्मा उरकून घेऊ. उरकून! मी त्याच्या छातीवर बुक्के मारले. मग दोघं जिन्यावर बसलो. मग मीच म्हटलं, कुमाला फोन कर.

मंगळवार, ७ मे

कुमा फोन उचलत नाही. कालपासून. इतके फोन लावले. पोर मरायला टेकलीय, आणि जी तिला देवासमोर धरणार ती गायब. दुसऱ्या कोणी धरलं तर तो कुमाचा अपमान, आणि अपमान झालेल्या कुमाचा तळतळाट घरावर येतो. हे असलं माझ्या मनात येतंय. मी, जी सासूच्या भीतीला हसत होते.

मिलेनाचा फोन आला. तिला सहावा लागलाय. आधी सियानाचं विचारलं, मग बराच वेळ घुटमळली. ‘रुमीताई, रागावू नका. डॉक्टरीण मलाही तीच लस घ्या म्हणतेय. माझा नवरा नको म्हणतो. मी तुमच्याकडे बघून घ्यायचं ठरवलं होतं… तुम्ही सांगा.’

मी काय सांगणार? मी अख्ख्या गावाशी भांडून घेतली. काय मिळालं? माझी काचेआड आहे. दोन्काचं पोर मेलं, माझं मरतंय. सासूबाई म्हणतात तेच खरं असेल. नाहीतर सुईनेच काही झालं असेल तिच्या अंगात, कोणी सांगावं? त्या सलूनमधल्या बायका आज मला शहाण्या वाटतायत.

म्हटलं, ‘घेऊ नकोस.’

ती म्हणाली, ‘बरं, ताई.’ सुटल्यासारखी.

बुधवार, ८ मे

फादर मेतोदी आले, काळ्या पिशवीत सगळं घेऊन. इथल्यांनी काचेच्या आत यायला परवानगी दिलीय. कुमाही आली. कॉरिडॉरच्या पार त्या टोकाला, कोट न काढता, बाकावर बसलेली. म्हातारी दिसली मला. मी धावत गेले, तिच्या कुशीत शिरले. तिचे हात उठलेच नाहीत.

फादर म्हणाले, आज नाही होणार.

मी म्हटलं, ‘आज नाही म्हणजे? उद्या आहे का तिच्याकडे?’

‘कुमाने आपल्या पापांची कबुली द्यायला हवी, मग मी तिला त्यांतून मोकळीक देणार, मगच मूल हातात. ही रीत तुला माहीत आहे. ती सकाळी माझ्याकडे आली होती. मी तिला मोकळीक दिलेली नाही.’

‘का? तिने काय कोणाचा खून केलाय?’

ते दाढी कुरवाळत राहिले. ‘ते तिने तुला सांगायचं. मला नाही. मला सांगून झालंय.’

कुमाकडे बघितलं. ती फरशीकडे बघत होती. मी तिथेच ओरडले: तुझं जे काय पाप असेल ते तुझ्यापाशी ठेव, माझ्या मुलीला धर, मग हवी तेवढी गुडघ्यांवर बस. ती उठली. काही बोलणार असं वाटलं. जिना उतरून गेली. सासूबाई तिच्या मागे गेल्या, तिला आवरत, कोटाची बाही धरून. मला वाटलं, समजावायला गेल्या.

आज मी देवावर थुंकले. खरोखर, खिडकीतून, आकाशाकडे. काही झालं नाही. थुंकी खालच्या गाडीवर पडली.

गुरुवार, ९ मे

कुमा परत आली. उभ्यानेच सांगितलं.

जानेवारीत सासूबाई तिच्या पायांवर डोकं ठेवून रडल्या होत्या. म्हणून तिने माझी लस मोरीत ओतली, सुईत मिठाचं पाणी भरलं. ‘तुम्हा दोघींची काळजी मिटेल असं वाटलं, रुमी.’

आधी काराइवानोव्हाबाईंना सांगितलं, कारण त्या अजून त्याच भरवशावर होत्या. त्या पळतच आत गेल्या. मग मिलेनाला फोन केला. लागला नाही. परत करतेय.

फादर विचारतात, कुमाला धरू देणार का.

मला ऐकू येतं, पण मी काचेकडे बघतेय. सियानाकडे माझं काहीच नव्हतं. इतके दिवस ती पोर एकटीच लढतेय.